नाकांतील मांस आणि सूक्ष्मदर्शक

नाकांत मांस वाढलें कीं तें काढून टाकावें, श्वास मोकळा झाला म्हणजे काम संपलें, अशी समजूत सुशिक्षित कुटुंबांतही आढळते. रोग जुनाच आहे. सुश्रुतानें नासार्श या नांवानें त्याचें वर्णन केलेलें आहे. परंतु काढलेला तुकडा तबकांत पडला म्हणजे खरा प्रश्न पुढें उभा राहतो : हें मांस आहे तरी कोणतें ?

पुष्कळदां तें साधें असतें. आंतील त्वचेला सूज येऊन तींत पाणी साठतें आणि फिकट द्राक्षासारखा घोस लोंबूं लागतो. त्याला स्पर्श केला तरी सहसा रक्त येत नाहीं. उलट एखादें मांस लालभडक, चटकन् रक्त येणारें आणि वर बारीक पांढरे ठिपके असलेलें असतें. पुण्यांतील वाळू काढणाऱ्या मजुरांत हा दुसरा प्रकार आढळतो, असें नरोन्हा यांनीं १९३३ सालीं प्रसिद्ध केलें होतें. नदीतळ्यांच्या पाण्याशीं या रोगाचा संबंध असावा, असें तेव्हांपासून मानीत आले आहेत.

आतां तुकड्याची परीक्षा कशी होते तें पाहूं. तो प्रथम फॉर्मॅलिनमध्यें ठेवितात, मग मेणांत बसवून एका मिलिमीटरचे दोनशें भाग करावे इतक्या पातळ चकत्या कापतात. त्यांना दोन रंग देतात. पेशींचीं केंद्रें निळसर होतात, बाकीचा भाग गुलाबी. त्या लाल मांसाची अशी चकती यंत्राखालीं धरतांच जाड भिंतीच्या गोल पिशव्या दिसतात, आणि मोठ्या पिशव्यांत असंख्य बीजाणु खच्चून भरलेले असतात. वरचे पांढरे ठिपके ते हेच ! हा ऱ्हायनोस्पोरिडियम होय. त्याचें मूळ जाळावें लागतें. नुसतें ओढून काढल्यास तो पुन्हा उगवण्याचा संभव फार.

ब्यूनॉस आयरीस येथें सेबर यानें १९०० सालीं त्याचें वर्णन केलें, १९०३ सालीं ओकिनीली यानें कलकत्त्याचा रुग्ण नोंदला, तर १९२३ सालीं ॲशवर्थ यानें त्याला बुरशींत बसविलें. १९९९ सालीं आनुवंशिक द्रव्याच्या तपासणीनें तो माशांच्या कांहीं परोपजीवींचा भाऊबंद ठरला. ओळख क्षणांत पटते, कुळी ठरायला मात्र शतक लागलें !

याहून कठीण प्रसंग निराळाच. एकाच नाकपुडींत वाढलेलें, वरून साधें दिसणारें मांस यंत्राखालीं पाहतां त्याचें आवरण आंतल्या बाजूस वळून वाढलेलें दिसतें. अशा गांठींपैकीं कांहींत कर्करोग दडलेला असतो किंवा पुढें उद्भवतो. म्हणून चार पैसे वांचविण्यासाठीं तुकडा फेकून देणें ही काटकसर नव्हे. आणि दोन्ही नाकपुड्यांतील तुकडे एकाच बाटलींत घालूं नयेत. एकांत रोग निघाला, तर तो उजवीकडचा कीं डावीकडचा, हें मग कोणतेंही यंत्र सांगूं शकत नाहीं.