यंत्रे, खेळ आणि ताज्या बातम्या : चार घटका गप्पा

(वार्षिक स्नेहसंमेलनाच्या भोजनोत्तर सत्रात केलेले भाषण)



भोजनोत्तर भाषण करण्याचा प्रसंग वैऱ्यावरही येऊ नये. जिलबीचा अंमल चढू लागलेला, पंखे मंद फिरत असलेले, आणि मुलांचे सारे लक्ष टेबलावरील बक्षिसांच्या पेल्यांकडे लागलेले; अशा वेळी व्यासपीठावर उभा राहणारा मनुष्य हा सभेचा शत्रूच ठरावयाचा. चिटणीसांना मी विषय विचारला, तेव्हा ते म्हणाले, "गुरुजी, काहीतरी हलकेफुलके बोला. मोबाईल, क्रिकेट, बातम्या, काहीही चालेल." मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक. जन्मभर सातारा जिल्ह्यातील खेड्यापाड्यांच्या शाळांतून पाढे आणि शुद्धलेखन शिकविले. यंत्रशास्त्राशी माझा संबंध शाळेच्या घंटेपुरताच. तथापि 'काहीही चालेल' या शब्दांत माझ्यासारख्याला पुष्कळच मुभा आहे, तिचा लाभ घेतो.

प्रथम खेळाचे बोलू, म्हणजे मागच्या रांगेतील मंडळी जागी राहतील.

२४ ऑगस्ट १९७१ या दिवशी अजित वाडेकर यांच्या संघाने इंग्लंडला ओव्हल मैदानावर हरविले. आदल्या दिवशी चंद्रशेखर यांनी ३८ धावांत सहा गडी टिपून इंग्रजांचा डाव १०१ धावांत गुंडाळला होता. त्या दिवशी गणेशचतुर्थी होती, आणि लंडनच्या त्या मैदानात चक्क एक हत्तीण आणण्यात आली होती! मी तेव्हा शाळेत होतो. गावात रेडिओ मोजके. रेडिओ बाळगावयाचा तर परवाना लागे आणि त्याचे शुल्क टपालकचेरीत भरावे लागे. त्यामुळे रेडिओवाल्या घराचा रुबाब काही औरच असे. त्याच्या ओसरीवर निम्मा गाव बसे, आणि खरखरीतून जे काही ऐकू येई त्यावर प्रत्येक जण आपापल्या मनात सामना रंगवी. पुढे आकाशवाणीवर बाळ ज. पंडित यांचे मराठी समालोचन ऐकले, तेव्हा हा खेळ आपल्याच भाषेत जन्माला आला असावा असे वाटू लागले.

आता २ नोव्हेंबर २०२५ ची रात्र घ्या. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर महिलांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना. पावसामुळे खेळ उशिरा सुरू झालेला. आमच्या घरात तीन पिढ्या जाग्या; मी दूरचित्रवाणीसमोर, सूनबाई स्वयंपाकघरात मोबाईल टेकवून, आणि नात गच्चीवर आपल्या मोबाईलसह. आपल्या मुलींनी २९८ धावा केल्या होत्या. समोर वोल्वार्ट या आफ्रिकन कर्णधार बाईंनी शतक ठोकून आमचा जीव टांगणीला लावला होता. तेव्हा एक चमत्कार ध्यानात आला. गडी बाद झाला की आधी शेजारच्या घरातून आरडाओरडा होई, मग माझ्या पडद्यावर गडी बाद होई, आणि पाऊण मिनिटाने गच्चीवरून नातीची किंकाळी येई! एकच चेंडू आमच्या घरात तीनदा पडत होता.

याचे कारण मी नंतर एका माजी विद्यार्थ्यास विचारले. तो म्हणाला, "गुरुजी, मोबाईलवरचे चित्र अखंड धारेने येत नाही. त्याचे लहान लहान तुकडे करून ते पाठवितात. चित्र मध्येच अडू नये म्हणून मोबाईल काही तुकडे आधी साठवून घेतो आणि मग दाखवितो." आपल्याकडे पाहुण्यांच्या पंगतीला वाढपी जसे भात पुरेसा शिजल्याखेरीज पाने मांडत नाहीत, तसाच हा प्रकार. पंगत अडत नाही, पण उशीर व्हावयाचाच. हरमनप्रीत कौर हिने शेवटचा झेल घेतला आणि आपण ५२ धावांनी जिंकलो, तो आनंदही आमच्या घरी हप्त्याहप्त्याने आला. सांगलीच्या स्मृती मानधना हिच्या हाती विश्वचषक पाहून माझी पत्नी डोळे पुसू लागली. तिने शाळेत असताना क्रिकेटची बॅट हाती धरली, म्हणून तिला घरी बोलणी खावी लागली होती.

क्रिकेटच्या या गदारोळात एक प्रश्न विचारतो. १९ जानेवारी २०२५ रोजी दिल्लीस खो-खोच्या पहिल्या विश्वचषकाचे अंतिम सामने झाले. पुरुष आणि महिला, दोन्ही संघ आपले जिंकले. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. हा सामना कोणी कोणी पाहिला? हात वर करावेत... मी मोजले, सात हात. (हशा.) ज्या खेळात आपण सर्वांनी गुडघे फोडून घेतले त्याची ही कथा!

आमच्या जिल्ह्यातील गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीहून कुस्तीचे कांस्यपदक घेऊन आले, ते स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांच्या प्रवासखर्चासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवले होते. त्यानंतर तब्बल ७२ वर्षांनी, १ ऑगस्ट २०२४ रोजी, राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने पॅरिसमध्ये नेमबाजीत कांस्यपदक मिळविले. तेव्हा रेल्वेत तिकीट तपासनीस असलेला हा मुलगा. ही बातमी मला क्षणार्धात कळली, आणि पुढच्या तासाभरात आणखी ४१ जणांनी कळविली. त्यांतील एकानेही त्याच्या खेळाचे नाव पूर्ण लिहिले नव्हते. पन्नास मीटर अंतरावरून गुडघे टेकून, पालथे पडून आणि उभे राहून, अशा तीन अवस्थांत बंदूक चालवावयाची, असा तो प्रकार आहे, हे मी दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात वाचले. बातमी पोहोचणे आणि बातमी समजणे यांत एवढा फरक आहे.

बातम्यांचा विषय निघालाच आहे, तर आपल्या ज्ञातीच्या मोबाईल-गटाविषयी बोलल्यावाचून राहवत नाही. पूर्वी तार आली की घरात रडारड सुरू होई, कारण शब्दागणिक पैसे मोजून आनंदाची बातमी कळविण्याची उधळपट्टी सहसा कोणी करीत नसे. जुलै २०१३ मध्ये सरकारने ती तारेची सेवाच बंद केली. आता शब्दास पैसा पडत नाही, त्यामुळे शब्दांना धरबंधही राहिलेला नाही. पहाटे पाचपासून 'शुभ सकाळ'. मग आवळ्याचे गुण. मग 'युनेस्कोने आपले राष्ट्रगीत जगात सर्वोत्तम ठरविले' ही वार्ता, जी गेली कित्येक वर्षे दर पंधरा ऑगस्टला नव्याने जन्मते आणि मुळातच खोटी आहे. युनेस्कोने असे काही कधीच ठरविलेले नाही. संदेशावर दोन बाण एकापुढे एक दिसले, तर तो अनेक हातांतून फिरून आलेला आहे असे समजावे. लग्नघरातील आहेराची साडी जशी घड्या न मोडता चार लग्ने फिरते, तशी ही बातमी. आपणही घडी न मोडताच पुढे देतो.

आता यंत्रांकडे वळतो. येथे मला जरा थांबावेसे वाटते.

आमच्या मंडईत भाजीवालीच्या टोपलीशेजारी काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा एक चौकोन टांगलेला असतो. ती रांगोळी जपानमध्ये १९९४ साली निघाली. मोटारीच्या सुट्या भागांची नोंद झटपट व्हावी, म्हणून मासाहिरो हारा नावाच्या अभियंत्याने ती तयार केली, आणि तिची कल्पना त्यांना 'गो' या पटावरच्या खेळातील काळ्या-पांढऱ्या सोंगट्या पाहून सुचली. आज तिच्यावर आमची मेथीची जुडी तरली आहे. यूपीआय ही पैसे देण्याची पद्धत २०१६ साली सुरू झाली. ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात देशभरात तिच्याद्वारे दोन हजार कोटींहून अधिक व्यवहार झाले. भाजीवालीच्या डबीतून खणखणीत आवाज येतो, 'वीस रुपये प्राप्त झाले', आणि आपण किती रुपयांची भाजी घेतली हे साऱ्या मंडईला कळते. पूर्वी निदान गरिबी झाकता येत असे!

विनोद सोडा. या सोयीने आपल्या घरांतील वडील माणसांची एक मोठी अडचण झाली आहे, आणि ती बोलून दाखविण्याची त्यांना लाज वाटते. ज्या गृहस्थाने चाळीस वर्षे घराचा जमाखर्च लिहिला, त्याला आज स्वतःच्या निवृत्तिवेतनातून विजेचे बिल भरण्यासाठी नातवाची मनधरणी करावी लागते. नातू गुणी असतो. तो बिल भरून देतो, परंतु एवढ्या वेगाने की आजोबांना बोटे दिसतात, कृती दिसत नाही. दुसऱ्या महिन्यात आजोबा पुन्हा विचारतात, तेव्हा उत्तर मिळते, "आजोबा, मागच्या महिन्यातच दाखवलं होतं ना!" तिसऱ्या महिन्यात आजोबा विचारीत नाहीत.

मी शिक्षक आहे, म्हणून सांगतो. सातचा पाढा दहाव्यांदा चुकणाऱ्या मुलाला 'काल सांगितला होता ना' असे म्हटले की तो पाढा शिकत नाही. गप्प बसण्यास मात्र शिकतो.

या गप्प बसण्याची किंमत केवढी असते ते ऐका. माझ्या परिचयाचे एक निवृत्त गृहस्थ, वय सत्तरीच्या पुढे. त्यांना एके सकाळी अनोळखी फोन आला. पडद्यावर पोलिसी गणवेशातील मनुष्य, पाठीमागे कचेरी, भिंतीवर राजमुद्रा. 'तुमच्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडले. तुम्हांला डिजिटल अटक केली आहे. फोनसमोरून हलू नका, कोणाशी बोलू नका, चौकशी होईपर्यंत पैसे सरकारी खात्यात ठेवा.' दोन दिवस हा वृद्ध मनुष्य आपल्या खोलीत फोनसमोर बसून होता. घरातील लोक समजले, आबा सामना पाहत आहेत. तिसऱ्या दिवशी त्यांनी मुदतठेव मोडली. पुढे चार महिने त्यांनी ही गोष्ट मुलालाही सांगितली नाही. ते मला म्हणाले, "गुरुजी, पैसे गेले ते गेलेच, पण मुलगा म्हणेल, तुम्हांला फोन घेऊन दिला हीच चूक झाली. ते मला ऐकवलं नसतं."

आपल्या कायद्यात 'डिजिटल अटक' असा प्रकारच नाही. पोलीस वा न्यायालय फोनवरून कोणास अटक करीत नाही, आणि चौकशीसाठी पैसे भरावयास लावीत नाही. पंतप्रधानांनीही २७ ऑक्टोबर २०२४ च्या आकाशवाणीवरील भाषणात हीच सूचना देशाला दिली होती. असा फोन आला तर तो तत्काळ बंद करावा. पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर लगेच कळवावे. चोर ती रक्कम एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पळवीत असतात, आणि तक्रार जितकी लवकर, तितकी ती वाटेत अडविण्याची शक्यता अधिक. चार महिने गेल्यावर अडविण्यासारखे काय उरणार? आणखी एक लहानशी गोष्ट मुलाबाळांनी आज घरी जाऊन आजी-आजोबांस सांगावी. यूपीआयवर गुप्त आकडा घालावा लागतो तो पैसे देताना. पैसे घेण्यासाठी तो कधीही लागत नाही. 'तुम्हांला पैसे पाठवितो, आकडा घाला' असे जो म्हणेल तो चोर समजावा.

ही सर्व यंत्रे टाकून द्यावीत असे मात्र मी म्हणणार नाही. नागपूरची एकोणीस वर्षांची दिव्या देशमुख जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बाटुमी येथे बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकली. तिच्या खेळ्या मी येथे बसून, नातीकडून समजून घेत, एकेक करून पाहिल्या. शहाऐंशी वर्षांच्या आमच्या आत्याबाई दर रविवारी अमेरिकेतील पणतवाला पडद्यावरून चांदोबा दाखवितात. तिकडे तेव्हा सकाळ असते, हे त्यांना पटत नाही, पण पणतवाचे दात आलेले त्यांनी पाहिले आहेत. हे सुख नाकारणारा मी कोण?

म्हणून कार्यकारी मंडळापुढे माझे एक मागणे आहे, आणि अध्यक्षमहाराजांनी जेवताना त्यास होकार दिलेला आहे. आता इतक्या साक्षीदारांसमोर त्यांना मागे फिरता येणार नाही. (हशा.) येत्या रविवारपासून सकाळी दहा ते अकरा या वेळात आपल्या सभागृहात वडील मंडळींसाठी मोबाईलचा वर्ग भरेल. शिकविणारी मुले महाविद्यालयात जाणारी, आपल्याच घरांतली. त्यांच्यासाठी मी एकच नियम केला आहे : शिकणाऱ्याच्या हातातील फोन शिकविणाऱ्याने आपल्या हातात घ्यावयाचा नाही. बोट आजोबांचेच चालले पाहिजे, मग त्यास कितीही वेळ लागो. आपापल्या घरच्या आजी-आजोबांना कोणीही शिकवावयाचे नाही, अशी अदलाबदलही मी मुद्दाम केली आहे. परक्याच्या आजोबांवर कोणी खेकसत नाही. कोणाची फसवणूक झाली असेल, तर त्यांनी वर्ग सुटल्यावर मजजवळ वा चिटणीसांजवळ एकांतात सांगावे. ते बाहेर जाणार नाही, आणि तक्रारीचा फोन लावताना आम्ही शेजारी बसू.

आतापर्यंत नावे देणाऱ्या मुलांची संख्या नऊ आणि शिकू इच्छिणाऱ्या वडिलांची संख्या दोन आहे. त्यांतला एक मी. नावे दाराजवळच्या टेबलावर घेतली जातील. तेथेच पानसुपारीही ठेवली आहे. येताना चष्मा, वही आणि रात्री चार्ज करून ठेवलेला फोन आणावा. पहिल्या तासाचा विषय आहे, पडद्यावरील अक्षरे मोठी कशी करावीत.