घाईला आवर, मग हाती पाना



आमच्या गटाने मसाले बाजारात पोचवायला जुनी पद्मिनी घेतली. कुर्ल्यात बनलेली ही गाडी दोन पावसाळे नुसती उभी होती. इंजिन चालू झालं, पण क्लच दाबूनही गिअर पडेना. दमट हवेत क्लचप्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटली होती.

पहिला उपाय बिनखर्चाचा. इंजिन बंद ठेवून क्लचचं पेडल दाबा आणि लाकडाचा टेकू देऊन रात्रभर तसंच ठेवा. कधी कधी एवढ्यावर प्लेट सुटते. आमची सुटली नाही. मग गाडी मजबूत स्टँडवर चढवून गिअरबॉक्स उतरवला.

प्रेशर प्लेटमध्ये स्प्रिंगा दाबलेल्या असतात. म्हणून एकेक बोल्ट पुरता काढू नका. समोरासमोरचे अर्धा-अर्धा फेरा सैल करत जा, नाहीतर प्लेट वाकते. जुन्या क्लचच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असू शकतं. ती फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा.

फ्लायव्हील हलेना, तेव्हा आम्ही सगळे बोल्ट काढून ठोकत बसलो. ते एकाएकी सुटलं आणि खाली झोपलेल्या ताईच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर पडलं. कुणाच्या तोंडून शब्द फुटेना.

तेव्हापासून आमचा नियम: समोरासमोरचे दोन बोल्ट सैल करून जागेवरच ठेवायचे. मधल्या सांध्यात गंज सोडवणारं तेल सोडायचं, थांबायचं, मग लाकडी हातोडीने आळीपाळीने दोन्ही बाजूंना हलकेच ठोकायचं. सुटलं तरी ते बोल्टवर अडकतं. मग दोघींनी धरून उतरवायचं.

गंजाला वेळ दिला की तो सोडतो. गेलेला जीव मात्र परत येत नाही.