उन्हाळ्याची सुट्टी आणि संशोधनाची संधी

(विद्यार्थी मार्गदर्शन मेळाव्यात केलेले भाषण)



मी कला शाखेचा पदवीधर, बँकेत कारकून. विज्ञानावर बोलण्याचा मला अधिकार नाही. पण अर्ज आणि मुदत यांच्याशी माझा रोजचा संबंध आहे, आणि आपली मुले नेमकी तिथेच मागे पडतात.

गेल्या एप्रिलमध्ये आमच्या वस्तीतला बी.एस्सी.चा एक मुलगा आला. "काका, उन्हाळ्यात मोठ्या प्रयोगशाळेत काम करायला मिळते म्हणे. अर्ज कुठे मिळेल?" मुदत हिवाळ्यातच संपली होती. मुलगा हुशार, सांगणारे कोणी नव्हते. ती सुट्टी त्याने बेदाण्याच्या शेडवर काढली.

बंगळूरु, दिल्ली व प्रयागराज येथील तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देतात. निवड झालेला विद्यार्थी दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम करतो. विद्यावेतन मिळते, रेल्वेभाडेही मिळते. तेव्हा घरची अडचण आहे म्हणून अर्जच न करणे योग्य नव्हे. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्था व मानखुर्दचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र, पुण्यात आयुका येथेही पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी कार्यक्रम असतात. कोणत्या वर्षाचा विद्यार्थी कुठे पात्र, हे त्या त्या वर्षीच्या सूचनेत वाचावे.

अर्जात आपल्याला काय शिकायचे आहे ते थोडक्यात लिहावे लागते. तिथे 'मला विज्ञानाची आवड आहे' एवढेच लिहू नका. द्राक्षे पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑईलच्या पाण्यात बुडवली की लवकर वाळतात, हे आपल्या तालुक्यात कोणीही सांगेल. सालीवरच्या मेणात असा काय बदल होतो, की आतले पाणी भराभर निघून जाते? हा रसायनशास्त्राचा प्रश्न आहे, आणि शेडवर राबलेल्या मुलाला तो पुस्तकाआधी भेटलेला आहे.

प्राध्यापकांचे शिफारसपत्र आदल्या दिवशी मागू नका. सप्टेंबरमध्येच त्यांना भेटा, आपले काम दाखवा.

संस्थेला एकच विनंती: सप्टेंबरपासून आपल्या फलकावर या मुदती लिहाव्यात. ती जबाबदारी मी घेतो. तो मुलगा आज याच सभागृहात बसला आहे. पदवी होण्याआधी त्याच्या हाती एकच उन्हाळा उरला आहे. तो वाया जाता कामा नये.