वाकणारा आरसा



तारे लुकलुकतात, ते आपल्या डोक्यावरच्या हलत्या हवेमुळे.
दुर्बिणीत मात्र हीच हवा ताऱ्याची प्रतिमा विस्कटून टाकते.

1953 साली अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ होरेस बॅबकॉक यांनी उपाय सुचवला.
हवा जेवढं बिघडवते, तेवढंच आरशाने उलट दिशेने सुधारायचं.
आज त्यासाठी पातळ आरसा वाकवतात.
होय, आरसा वाकवतात.
सेकंदाला शेकडो वेळा!

पण पातळ काच ठिसूळ.
म्हणून काही संशोधक कार्बनचे धागे आणि राळ यांच्या संमिश्राकडे वळले.
ते हलकं असतं.
थंडी-उन्हाने त्याचा आकार फारसा बदलत नाही.

गुळगुळीत साच्यावर राळेत भिजलेले थर रचतात.
प्रत्येक थराचे धागे वेगळ्या दिशेने.
उष्णतेने ते घट्ट होतात.
मग आरसा साच्यावरून अलगद सोडवतात.
पुढे चकाकता धातूचा मुलामा.
मागे छोटे दट्टे.
संगणक ते दट्टे हलवतो, आणि आरसा वाकतो.

खरी अडचण पुढेच आहे.
घट्ट होताना राळ आकसते.
धाग्यांची नक्षी पृष्ठभागावर उमटते.
डोळ्यांना ती दिसतही नाही, पण प्रकाश त्यावर विखुरतो.

2009 मध्ये झेपावलेल्या प्लांक या युरोपीय अवकाश दुर्बिणीचे आरसे कार्बन संमिश्राचेच होते.
ते वाकणारे नव्हते.
आणि त्यांना लांब लहरी टिपायच्या होत्या, म्हणून ही नक्षी तितकी आड आली नाही.
दृश्य प्रकाशाच्या लहरी फार आखूड.
तिथे संशोधक आरशावर आणखी एक गुळगुळीत थर चढवून ही नक्षी झाकतात.