दाहशामक औषधे आणि फुप्फुसाच्या कर्करोगावरील किरणोपचार

दाह आणि कर्करोग यांचे नाते जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ फिर्खो यांनी १८६३ मध्येच सुचविले होते. पुढे १९७१ मध्ये ब्रिटनचे जॉन व्हेन यांनी ॲस्पिरिनचे कार्य उलगडून दाखविले. शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये सूज व वेदना निर्माण करतात. ॲस्पिरिन त्यांच्या निर्मितीलाच अटकाव करते.

फुप्फुसाच्या कर्करोगाच्या कित्येक गाठींत ही द्रव्ये बनविणारे 'कॉक्स-२' हे विकर प्रमाणाबाहेर आढळते. त्यायोगे गाठीला नव्या रक्तवाहिन्या फुटतात आणि तिच्या पेशी तग धरतात. किरणांनी घाव घालावा आणि गाठीने तो आपल्याच रसायनांनी भरून काढावा, असाच हा प्रकार होय. तेव्हा सेलेकॉक्सिबसारख्या औषधाने हे विकर रोखल्यास किरणोपचार अधिक परिणामकारक ठरतील, हे अनुमान स्वाभाविक होते. उंदरांवरील प्रयोगांनी त्याला पुष्टीही दिली.

माणसांत मात्र ही आशा फळाला आली नाही. चीनमध्ये ९६ रुग्णांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. किरणोपचार व रसायनोपचार यांच्या जोडीला सेलेकॉक्सिब दिल्याने रुग्णांचे आयुष्य वाढल्याचे तीत दिसून आले नाही. याच वर्गातील रोफेकॉक्सिब तर हृदयविकाराच्या धोक्यामुळे २००४ मध्येच बाजारातून मागे घेण्यात आले होते. उंदीर आणि रुग्ण यांत एवढे अंतर!

दाहशामक औषधांना येथे स्थान आहे, परंतु ते निराळे. किरणोपचार संपल्यावर साधारणतः एक ते सहा महिन्यांत काही रुग्णांच्या निरोगी फुप्फुसालाही सूज येते. कोरडा खोकला, धाप आणि बारीक ताप ही तिची लक्षणे. क्षय किंवा साधे पडसे समजून घरीच औषध चालू ठेवले, तर मोलाचा वेळ जातो. तपासणीअंती डॉक्टर प्रेडनिसोलोनसारखे स्टेरॉइड देतात आणि त्याची मात्रा कित्येक आठवडे हळूहळू उतरवीत नेतात. बरे वाटताच गोळ्या एकाएकी बंद केल्यास सूज उलटण्याचा संभव असतो.

वेदनाशामक गोळ्या दुकानातून परस्पर आणून घेणेही धोक्याचे. सिस्प्लॅटिन हे कर्करोगावरील औषध चालू असताना त्या घेतल्यास मूत्रपिंडावर दुहेरी भार पडतो.

रुग्ण गावी परतला की त्याचे कागद वाचून दाखविण्याचे काम पुष्कळदा शिक्षकाकडे किंवा पंचायत सदस्याकडे येते. त्या कागदांवर किरणोपचार संपल्याची तारीख असते. पुढील सहा महिन्यांत धाप लागू लागली, तर ते कागद घेऊन रुग्णाला उपचार झालेल्या रुग्णालयातच तातडीने न्यावे आणि ती तारीख डॉक्टरांना आधी सांगावी.