शाळेचा निरोप घराच्या उंबरठ्याआत
(सुवर्णमहोत्सवी पालक-शिक्षक मेळाव्यातील व्याख्यान)



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी दानशूरांचे स्मरण होणे, वास्तूंचा आणि कार्याचा आढावा घेतला जाणे स्वाभाविकच आहे. आजच्या व्याख्यानाचा विषय मात्र वरकरणी लहान आहे. पाचवी ते आठवीच्या वर्गात शिकणाऱ्या मुलाचे शाळेत काय चालले आहे, पुढील महिन्यात कोणती परीक्षा, कोणती सहल, कोणते प्रदर्शन आहे, हे त्याच्या घरी वेळेवर कळते काय, एवढाच तो प्रश्न. या लहानशा प्रश्नाच्या उत्तरावर अनेक मुलांचे, विशेषतः मुलींचे, पुढील शिक्षण अवलंबून असते.

पाचवी ते आठवी हीच वर्षे का, असे कोणी विचारील. वाडीवस्तीवरील प्राथमिक शाळेत एक-दोन शिक्षक असतात. त्यांना प्रत्येक घर ठाऊक असते. मुलाने पाढे चुकवले तर ते वाटेत भेटलेल्या आईला तिथेच सांगतात. त्यानंतर बरीचशी मुले सायकलीने किंवा एसटीने मोठ्या गावच्या विद्यालयात जाऊ लागतात. तेथे प्रत्येक विषयाला निराळा शिक्षक, वर्गात मुलांची दाटी, आणि शाळा घरापासून दूर. त्यातच मुलाचे वय असे की, शाळेतील चार गोष्टी तो घरी सांगतो आणि दहा गिळून टाकतो. अभ्यास अवघड होऊ लागतो नेमक्या त्याच वेळी घर आणि शाळा यांमधील धागा सैल पडतो. मुलीच्या बाबतीत तर प्रवास, वय आणि घरकाम यांचा विचार सुरू होतो आणि कोणाच्या ध्यानात येण्यापूर्वीच तिची हजेरी विरळ होऊ लागते.

कायद्याने हा धागा ऐच्छिक ठेवलेला नाही. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम २००९ साली संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. त्यातील कलम २४ मध्ये शिक्षकांची कर्तव्ये सांगितली आहेत. पालकांच्या नियमित सभा घेणे आणि मुलाची उपस्थिती, शिकण्याची क्षमता व प्रगती यांची त्यांना माहिती देणे, हे त्यांपैकी एक कर्तव्य होय. कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य आई-वडील वा पालक असावेत आणि निम्म्या महिला असाव्यात. म्हणजे माहिती देणे ही शाळेची मेहेरबानी नव्हे आणि ती मागणे हा पालकाचा आगाऊपणाही नव्हे.

माहिती न पोहोचल्याने काय हानी होते, ते एका उदाहरणाने स्पष्ट होईल. आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षा असते. शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या व अनुदानित शाळांतील मुले तीस बसू शकतात. कौटुंबिक वार्षिक उत्पन्न साडेतीन लाख रुपयांपेक्षा अधिक नसावे आणि सातवीत ५५ टक्के गुण असावेत, अनुसूचित जाती-जमातींसाठी ५० टक्के. महाराष्ट्राच्या वाट्याला ११,६८२ शिष्यवृत्त्या येतात. निवड झालेल्या मुलास नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांत ४८,००० रुपये मिळतात. परंतु त्यासाठी तहसील कार्यालयाचा उत्पन्नाचा दाखला हवा, आधार जोडलेले बँक खाते हवे, आणि निवड झाल्यावरही दरवर्षी नूतनीकरणाचा अर्ज भरावा लागतो. परीक्षेची तारीख फळ्यावर लिहून शाळा मोकळी झाली आणि दाखल्याची गोष्ट आईच्या कानावर मुदत संपल्यावर आली, तर बुद्धी असूनही ते मूल मागे राहते. त्याच्या हुशारीत काही उणे नव्हते. उणीव निरोपात होती.

नियमही वरचेवर बदलतात. पूर्वी शिष्यवृत्ती परीक्षा चौथी व सातवीला असे. २०१६-१७ या वर्षापासून ती पाचवी व आठवीला गेली, आणि २०२५ मध्ये शासनाने ती पुन्हा चौथी व सातवीला घेण्याचा निर्णय केला. आठवीपर्यंत कोणी नापास होत नाही, अशी समजूत अजूनही पुष्कळ घरांत आहे. केंद्रीय कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती झाली आणि महाराष्ट्राने २०२३ मध्ये पाचवी व आठवीसाठी वार्षिक परीक्षेचा नियम केला. अनुत्तीर्ण मुलास पूरक मार्गदर्शन आणि पुनर्परीक्षेची संधी मिळते. तीही हुकली तर तो त्याच वर्गात राहतो. थोरल्या भावाच्या वेळचा अनुभव धाकट्या बहिणीला लागू पडेलच, असे नाही. म्हणून दरवर्षी नव्याने सांगणे अगत्याचे ठरते.

आता बारामती व इंदापूर या दोन तालुक्यांचे जीवन पाहावे. सोमेश्वर, माळेगाव, भवानीनगर येथील कारखान्यांची धुराडी दिवाळीच्या सुमारास पेटतात, आणि परजिल्ह्यांतील ऊसतोड टोळ्या मुलाबाळांसह फडावर उतरतात. भिगवणच्या परिसरात उजनीच्या जलाशयावर मासेमारी करणारी कुटुंबे पहाटेच पाण्यावर असतात. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीतील कामगार पाळीने कामावर जातो. इंदापूरकडील डाळिंबाच्या बागेत मजुरीला गेलेली आई दिवे लागल्यावर परतते. अशा घरांसाठी पालकसभा दुपारी बोलावली, तर त्या सभेला येणे म्हणजे एका दिवसाची मजुरी सोडणे होय. पालक आले नाहीत म्हणजे त्यांना आस्था नाही, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे आहे.

भ्रमणध्वनीने हा प्रश्न सुटला, असे काहींना वाटते. मार्च २०२० मध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा व्हॉट्सॲपच्या गटांनी मोठे काम केले, हे मान्यच करावे लागेल. पण घरातील तो एकुलता फोन बहुधा वडिलांच्या खिशात असतो आणि वडील उसाला पाणी देत असतात. शुभेच्छांच्या आणि फुलांच्या चित्रांच्या गर्दीत परीक्षेची सूचना वाहून जाते. शिवाय अमुक मुलाचे गुण कमी, तमुक मुलाचे शुल्क थकले, असे शंभर जणांसमोर लिहिणे हा त्या कुटुंबाचा अपमान आहे. गटावर सर्वांची सूचना असावी. एका मुलाची गोष्ट त्याच्याच पालकाशी बोलावी.

सूचनेची भाषाही तपासावी लागेल. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन राज्यात २०१० पासून आले आणि प्रगतिपुस्तकात गुणांच्या जागी श्रेणी व वर्णनात्मक नोंदी आल्या. 'आकारिक' आणि 'संकलित' हे शब्द शिक्षकांच्या अंगवळणी पडले, पण शेतमजूर आईला त्यांतून काय उमजावे? कापडाच्या दुकानात गज ग्राहकाच्या डोळ्यांसमोर धरला जातो, म्हणून त्या मापावर त्याचा विश्वास बसतो. मुलाच्या प्रगतीचे मापही असेच पालकासमोर, त्याला समजेल अशा शब्दांत मांडले जावे: मूल धडा न अडखळता वाचते, अपूर्णांकात चुकते, महिन्यात सहा दिवस गैरहजर होते.

उपाय खर्चिक नाहीत. प्रत्येक महिन्याच्या प्रारंभी शाळेने ठळक अक्षरांत एक पानी पत्रक काढावे. या महिन्यात वर्गात काय शिकवणार, चाचणी कधी, उपक्रम कोणते, कोणती कागदपत्रे वा किती पैसे लागतील, आणि शंका कोणाला विचारावी, एवढ्या पाच गोष्टी त्यात असाव्यात. ते पत्रक मुलाने घरी मोठ्याने वाचून दाखवावे. मुलाच्या वाचनाला सराव मिळतो आणि अक्षरओळख नसलेल्या आजीलाही शाळा कळते. त्याची एक प्रत दूध संकलन केंद्रावर, एक मंदिराच्या पारावर, एक कारखान्याच्या तळावरील कोप्यांजवळ लावावी. आईचा क्रमांक स्वतंत्रपणे नोंदवावा आणि वाचता न येणाऱ्यांना आवाजातील निरोप पाठवावा. सभा सायंकाळी किंवा बाजाराच्या दिवशी घ्यावी. पत्रकाच्या तळाशी पालकाच्या प्रश्नासाठी दोन ओळी मोकळ्या सोडाव्यात, कारण ज्या निरोपाला उत्तर देता येत नाही तो नुसता हुकूम ठरतो.

मुले शाळेत येऊ शकत नसतील तर शाळेनेच त्यांच्या अंगणात जावे, हा मार्ग ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीच्या परिसरात दाखवून दिला. लहान मुलांसाठी जे त्यांनी केले, तेच आज मोठ्या मुलांच्या पालकांसाठी करावयाचे आहे.

यात धर्मादाय संस्थांनाही वाटा उचलता येईल. सहल किंवा विज्ञान प्रदर्शनाचा खर्च झेपणार नाही म्हणून जे पालक मुलाला त्या दिवशी घरीच ठेवतात, त्यांना आधी कळले तर ते आधी विचारू शकतील आणि संस्था गाजावाजा न करता हात देऊ शकेल. दानाची वेळ चुकली की दानाचे मोलही उणावते. पत्रकाचा छपाईखर्च, सायंकाळच्या सभेसाठी सभागृह आणि अर्ज भरून देणारा एखादा जाणता स्वयंसेवक, एवढे कोणत्याही संस्थेच्या आवाक्यात आहे.

गुरुजनांवर आधीच अनेक कामांचा भार आहे, याची जाणीव ठेवूनच ही विनंती आहे. येत्या जूनमध्ये शाळा उघडतील, तेव्हा पहिल्या पंधरवड्यात पहिले पत्रक प्रत्येक घरी पोहोचावे आणि ते पोहोचले की नाही, हे कोणीतरी दारी जाऊन पाहावे. सुवर्णमहोत्सवी वर्षात दोन्ही तालुक्यांतील शाळांनी एवढा एक संकल्प केला, तरी पुष्कळ साधेल.