टाका सुटला तर

पाऊस सरला की डोंबिवली-कल्याणची मुलं पहाटेची कर्जत लोकल पकडून वांगणीला उतरतात आणि चंदेरी किल्ल्याकडे निघतात. जरूर जा. मला सांगायचंय ते एवढंच: वाट हरवली तर खाली उतरू नका, मागे फिरा.

चंदेरी आणि शेजारचा म्हैसमाळ डोंगर यांच्यामधल्या खिंडीकडे वाट ओढ्यातल्या धोंड्यांवरून चढते. ऑक्टोबरात गवत कमरेच्या वर असतं, कारवीत पुढचा माणूस दिसत नाही आणि ढोरवाटा खऱ्या वाटेपेक्षा ठळक वाटतात. एकदा उतरताना आम्हीही अशाच एका ढोरवाटेला लागलो. एका झाडाखाली, शेणाच्या पोवांपाशी ती संपली. लांबून गाडीचा भोंगा ऐकू येत होता. बरोबरचा मुलगा म्हणाला, "काका, सरळ खाली जाऊ या." मी काठीनं गवत बाजूला केलं, तर बुटाच्या टोकाशी उंबराचा शेंडा होता. झाडाचा शेंडा, पायापाशी!

आपला सह्याद्री लाव्हाच्या थरांवर थर बसून झालाय. उतार सलग नसतो. पदर, कडा, पुन्हा पदर, असा जिना असतो. वरून फक्त पदर दिसतात, मधला कडा दिसतच नाही.

माझी आई बाळांची टोपडी विणायची. दहा ओळी झाल्यावर खाली सुटलेला टाका दिसला, तर ती पुढे विणत नसे. तिथपर्यंत उसवायची. आम्ही हळहळायचो, ती म्हणायची, लोकर कुठं जाते? डोंगरातही तेच. मागे चढलेली वीस मिनिटं वाया जात नाहीत. पुढे रेटलंत तर भोक मोठं होत जातं. म्हणून उसवा, शेवटच्या ओळखीच्या खुणेपर्यंत उसवा. आणि ती खूण ओळखू यावी म्हणून चढतानाच दर थोड्या वेळानं मागे वळून बघा. उतरताना तोच दगड, तेच झाड वेगळं दिसतं.

पायथ्याच्या वाडीतला माणूस सोबत घेतलात तर फारच उत्तम. त्याचा दिवस मोडतो, तेव्हा पुरता रोज द्या, घासाघीस करू नका.

वेळ संपत आलीय. अंधार पडला तर काय करायचं, पाणी किती न्यायचं, हे राहिलंच. पण पुन्हा सांगतो, खाली नाही, मागे. येत्या रविवारी निघाल तेव्हा मागे फिरण्यासाठी दोन तास जास्तीचे हाताशी ठेवूनच निघा.